वार खाली आहे, म्हणून झोपवून ठेवायचं का?

प्रश्न : विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सुनेची वार (प्लॅसेंटा, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) खाली, गर्भाशयाच्या तोंडापासून १२ मिमीवर आहे असं लिहिलंय. पहिलं बाळंतपण सिझरचं. तिला झोपवूनच ठेवायचं का?
– एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : ताई, रक्त जात नसेल तर केवळ एवढ्यासाठी झोपवून ठेवू नका. वारेची कड गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापासून २० मिमीच्या आत असली की वार खाली म्हणतात. पुढे गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांबतो आणि बहुतेकींची वार तोंडापासून दूर जाते. ३२व्या आठवड्यात पुन्हा मोजा, तरीही खाली असेल तर ३६व्या. लघवीची पिशवी गच्च भरलेली असली की वार उगाच खाली दिसते. म्हणून लघवी करून योनिमार्गातून केलेलं माप खरं धरावं. त्या तपासणीने वारेला धक्का लागत नाही, ही भीती मनातून काढाच.

आम्हाला जास्त काळजी जुन्या सिझरची वाटते. वार पुढच्या भिंतीवर, टाक्यांच्या जागी असेल तर ती आत रुतू शकते. मग बाळंतपणात सुटत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही. रिपोर्टात ‘पुढची भिंत’ असेल तर अनुभवी सोनोग्राफी डॉक्टरांकडून कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या.

न दुखता लालभडक रक्त गेलं, तर १०८ बोलवा आणि रक्ताची सोय असलेलं बेळगावचं रुग्णालय गाठा. सोनोग्राफीआधी बोटांनी आतून तपासू देऊ नका. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं आरोग्य कार्ड), सगळे रिपोर्ट आणि रक्तगटाची चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवा. शेवटचे महिने पावसाळ्यात येत असतील, तर बेळगावात नातलगांकडे आधीच राहायला नेलेलं बरं.