सड्यावरची खाण, पायथ्याचा झरा

प्रश्न : आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांभ्याच्या सड्याखाली, म्हणजे सपाट खडकाळ पठाराच्या पायथ्याशी. सड्यावर बॉक्साइटची खाण होणार म्हणतात. खाणीचा तळ भूजल पातळीच्या बराच वर राहील, म्हणून गावच्या पाण्याला धोका नाही, असं खाणीच्या पर्यावरण अहवालात लिहिलंय. आमचा झरा मे महिन्यातही आटत नाही. हे खरं मानायचं का? – एक वाचक

उत्तर : पहिला भाग खरा असू शकतो. मला खटकतो तो ‘म्हणून’.

झऱ्याजवळ जाऊन नीट बघा. पाणी पाझरतं त्याच्या वर भोकाभोकांचा जांभा, खाली बोटाला चिकटणारी पांढरट माती. पावसाळाभर सडा पाणी पितो. ते झिरपत त्या चिकण मातीवर अडतं आणि आडवं सरकत पायथ्याशी बाहेर येतं. बॉक्साइटही त्याच जांभ्यात सापडतं. म्हणजे तुमची पाण्याची टाकी आणि त्यांची खणायची जागा एकच! खड्डा ठणठणीत कोरडा राहील आणि तरीही झरा जानेवारीतच बारीक होऊ शकेल, कारण पाणी धरणारा थर ट्रकात भरून गेलेला असेल.

अहवालात पाणीपातळी जमिनीपासून आणि समुद्रसपाटीपासून, अशी दोन्ही दिलीय का ते बघा. गावातली विहीर तीस फूट आणि खाण तीस फूट, एवढ्यावरून काय कळणार? मध्ये अख्खा चढ आहे. मोजणी कुठल्या महिन्यांतली तेही बघा. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते. ती ऑक्टोबर ते डिसेंबरची असेल, तर विहिरी भरलेल्या दिसणारच. आणि नकाशावर तुमचा झरा आहे का? माझ्या पाहण्यात विहिरी येतात, झरे राहून जातात.

तोवर स्वतः मोजा. मी विहिरी मोजायला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी फजिती झाली. सकाळी नऊला दोरी सोडली आणि महिन्यात पाणी चार फूट उतरलं, असं लिहून मोकळा झालो. घरातली म्हातारी हसली, “पहाटे मोटर चालवलीया बाळा, दुपारपतूर थांब की, भरतंय ते.” तेव्हापासून मोटर सुरू व्हायच्या आधी, कठड्यावर रंगाची खूण करून, तिथूनच दोरी सोडतो. झऱ्याला कळशी आणि मोबाइल पुरे. पंधरा लिटरची कळशी 50 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 18 लिटर. दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या.

ओढ्याचं पाणी पहिल्या मोठ्या पावसात पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा आणि तळाला बसलेल्या गाळाचा फोटो काढा. बॉक्साइटच्या खाणीत मला पाणी आंबट होण्यापेक्षा भाताच्या वाफ्यांत उतरणाऱ्या तांबड्या गाळाची काळजी जास्त वाटते.

जनसुनावणी लागली, तर केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी नोटीस हवी आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही. तो कन्नडमध्ये येईल, तेव्हा हायस्कुलातल्या पोराला शेजारी बसवून वाचून घ्या. लेखी हरकतीला वहीची झेरॉक्स जोडा.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाही. सड्याचं पाणी मलप्रभेकडे उतरतं की म्हादईकडे? दोन्हीकडे उतरत असेल, तर पलीकडच्या गावालाही एक वही द्या.