बीट पहिल्यांदाच लावताय?

ताई, बीट आत्ता लावलं तर चालेल का विचारलंत ना? ऑक्टोबर-नोव्हेंबर बिटाला अगदी योग्य, बिनधास्त लावा. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

१. बी रात्रभर भिजवा आणि जिथे वाढवायचं तिथेच टोका. उपटून दुसरीकडे लावलेल्या रोपांचे कंद वेडेवाकडे होऊ शकतात.

२. विरळणी, म्हणजे दाट उगवलेली जादा रोपं काढणं. बहुतेकांचं इथेच चुकतं. बिटाचं एक बी म्हणजे खरं तर दोन-चार बियांचा खडबडीत गोळा, त्यातून रोपांचा झुबका उगवतो. काढायला जीव होत नाही, पण दोन-तीन पानं आली की एकच दणकट रोप ठेवा, बाकीची कात्रीने कापा. ओढलीत तर शेजारचं मूळही हलतं. दोन रोपांत १० सेंमी तरी अंतर हवं. कापलेली कोवळी पानं डाळीत घाला, सुरेख लागतात.

३. चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. युरियाने नुसता पाला माजतो.

साधारण दोन महिन्यांनी कंद लिंबाहून मोठा झाला की काढायला लागा. फार ठेवलात तर रेषाळ होतो. उकडताना साल, शेपटी आणि दोन बोटं देठ तसंच ठेवा, नाहीतर रंग पाण्यात जातो. नंतर साल अंगठ्याने सहज सुटते. पहिल्या बिटाची कोशिंबीरच करा: दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-मिरचीची फोडणी.