वाचकांचे प्रश्न: चर्चमधली मैफल आणि चर्चचा कायदा

प्रश्न: ईस्टरआधीच्या उपासकाळात गावच्या चर्चमध्ये आमचा वृंद मोतेत (बहुस्वरी भक्तिगीतं) गाणार आहे, शेवटी दोन मांडोही (गोव्यातली पारंपरिक गाणी) आहेत. तिकिटाच्या पैशांतून व्हायोलिनं दुरुस्त करायची आहेत. विगार (चर्चचे मुख्य पाद्री) म्हणतात: बिशपांची परवानगी आणा, तिकीट नको, मांडो नको. कलेला एवढा काच का? (एक वाचक, सासष्टी)

उत्तर: विगारांचं म्हणणं नियमाला धरूनच आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या १९८३च्या विधिसंहितेतलं कलम १२१० सांगतं की पवित्र वास्तूत उपासनेला आणि भक्तीला पोषक तेवढंच चालतं. पावित्र्याला बाध न आणणारा वेगळा वापर बिशप त्या एका वेळेपुरता मंजूर करू शकतात, त्यामुळे एका अर्जावर वर्षभराची मालिका मिळत नाही. मोतेत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे, त्यांची जागा चर्चमध्येच. मांडो पडलं प्रेमगीत. ते हॉलमध्ये गा आणि तिकीटही तिथेच लावा.

चर्चमधल्या मैफलींबद्दल रोमने १९८७ साली पत्रक काढलं. त्यानुसार अर्ज लेखी आणि वेळेत करायचा. तारीख, वेळ, रचना आणि संगीतकारांची नावं द्यायची. यादीत नुसतं ‘भक्तिगीते’ लिहू नका, मंजुरी देणाऱ्याला काय कळणार? खर्च, मोडतोड आणि नंतरची आवराआवर यांची हमीही लेखी लागते. गायक-वादक वेदीच्या चौथऱ्यावर नकोत. साक्रामेंत (वेदीजवळ ठेवलेली पवित्र भाकर) शक्यतो बाजूच्या कपेलात (छोट्या प्रार्थनागृहात) हलवावं. प्रवेश सर्वांना मोफत. देवाघरी यायला दर लावायचा नाही, एवढंच त्यामागे आहे. निवेदनात रचनांचा इतिहास सांगून थांबू नका, ऐकणाऱ्याचं मन प्रार्थनेकडे वळेल असंही काही सांगा, हेही पत्रकातच आहे.

संहितेचं शेवटचं कलम, १७५२, विगारांच्या बदलीबद्दल आहे. इतक्या रुक्ष कारकुनी विषयातच ‘आत्म्यांचं तारण हा चर्चमधला सर्वोच्च कायदा’ हे तत्त्व आलंय! बाकीची कलमं त्याच उजेडात वाचायची.

प्रश्न: मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं तालवाद्य, चालतं का?

उत्तर: चालतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६३च्या उपासनाविषयक संविधानाने (कलम १२०) पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडलं. त्यासाठी त्या प्रदेशातल्या धर्माधिकाऱ्यांची संमती हवी आणि वाद्य उपासनेला साजेसं हवं. घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्याने बंद आहे, बकऱ्याचं लावा. तालात बसवायला प्रार्थनेचे शब्द मात्र मोडू नका. विधिसंहितेच्या कलम ८४६ प्रमाणे ते आपल्या मनाने वाढवता, गाळता किंवा बदलता येत नाहीत. बसत नसेल तर चाल बदला.