अकोल्याचा माठ दादरला का रुसतो? वाचकांचे सायन्सचे प्रश्न

यावेळी प्रश्न पाठवणाऱ्यांत आठवी ते दहावीची पोरं आहेत, त्यांचे आईबाप आहेत आणि एक आजी आहेत, ज्यांचा प्रश्न सगळ्यात भारी आहे. एक आधीच सांगतो, पेपरात लिहायचं वाक्य तुमच्या गाईडमध्ये आहेच, ते इथे परत छापत नाही. तेच वाक्य घरात, गच्चीवर, गडावर नेलं की टिकतं का एवढंच बघू.

माझं माहेर अकोला, सासर दादर. तिकडे मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील एवढं गार असायचं. म्हणून माठ तिकडूनच आणला, ट्रेनमध्ये मांडीवर धरून. पण इथे पाणी जेमतेम नळाच्या पाण्यापेक्षा बरं. माठ बिघडला की मुंबईच्या पाण्यात काही आहे? (एक गृहिणी, दादर)

ताई, माठ बरा आहे आणि पाणीही बरं आहे, लोचा हवेचा आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण किती उष्णता हे कोणी विचारत नाही. एक ग्रॅम पाणी नेहमीच्या तापमानाला उडून जायला साधारण ५८० कॅलरी लागतात (पुस्तकात ५४० लिहिलंय ते १०० अंशाला उकळणाऱ्या पाण्याचं). आता १० लिटर पाणी १० अंशांनी गार करायचं म्हणजे १ लाख कॅलरी बाहेर काढायच्या, भागाकार करा, १७० ते १७५ ग्रॅम पाणी उडालं की काम झालं, एक पेलाभरसुद्धा नाही. बाहेरची गरमी आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त उडावं लागतं, पण अंदाज आला ना.

म्हणजे सगळा खेळ पाणी किती उडतं यावर. अकोल्यात दुपारी ४२ अंश असतील आणि हवेत आर्द्रता २० टक्के असेल तर पाणी उडवून उडवून साधारण २४ अंशांपर्यंत खाली उतरता येतं. दादरला तापमान ३३-३४ च असतं पण आर्द्रता ७० टक्के, तिथे हीच मर्यादा २९ च्या आसपास येते आणि त्याखाली जगातला कुठलाच माठ जाऊ शकत नाही, मांडीवर आणलेला असला तरी. ही मर्यादा घरी बघता येते, साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा, पंख्याखाली धरा, आकडा जिथे थांबेल ती तुमच्या गावची त्या दिवशीची मर्यादा. (तापाचा थर्मामीटर नको, तो ३५ च्या खाली काही दाखवत नाही.) विदर्भात घरोघरी वाळ्याचे कूलर आणि मुंबईत कूलर घेतला की घर नुसतं दमट, त्याचंही कारण हेच.

तरी काय करता येईल? माठ स्टँडवर ठेवा, खालून पण हवा लागू दे, खिडकीच्या झुळकीत ठेवा. बाहेरून ऑइल पेंटची नक्षी काढलेले माठ दिसायला छान पण छिद्रं बुजलेली, ते घेऊ नका. जुना माठ गार करेनासा होतो कारण पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात, नुसत्या काथ्याने घासा, साबण नको.

वरणाचा डाग पडलेल्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला तर डाग रक्तासारखा लाल झाला. मम्मी म्हणाली गेला शर्ट. (इयत्ता आठवी, चिपळूण)

शर्ट गेलेला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं, ते आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं राहतं आणि आम्लारी भेटली की लालसर तपकिरी होतं, आणि साबण आम्लारीधर्मी असतो. तुमच्या प्रयोगशाळेतला लिटमस संपला असेल तर (बऱ्याच शाळांत तो कायमच संपलेला असतो) हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा, झाला दर्शक तयार. त्यावर चुन्याची निवळी लाल, खायचा सोडा लालसर, लिंबू मारलं की परत पिवळा. पारंपरिक कुंकू पण असंच, हळदीत चुना गेला की लाल. राहिला डाग, तर धुऊन कडक उन्हात टाका, कर्क्युमिन उन्हात तुटतं, दोनतीन उन्हांत डाग फिका पडेल.

माझा ब्लड ग्रुप ओ आहे. आईचा बी, बाबांचा ए, ताईचा एबी. घरात चौघांचे चार! शेजारच्या काकू म्हणाल्या की दवाखान्यात बाळं बदलली असतील. त्या हसत म्हणाल्या पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. (इयत्ता दहावी, नगर)

बेटा, तुमचं घर म्हणजे अनुवंशिकतेच्या धड्यातलं आदर्श उदाहरण आहे, बाळं बिळं काही बदललेली नाहीत. प्रत्येकाकडे ब्लड ग्रुपच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बाबांकडून. ए आणि बी या प्रती दिसतात, ओ असली तरी शेजारी ए किंवा बी असेल तर ती गप्प बसते. बाबांचा ग्रुप ए आहे पण आत ए आणि ओ अशी जोडी आहे, आईची बी आणि ओ. तुला दोघांकडूनही ओ आली, ताईला बाबांकडून ए आणि आईकडून बी आली. अशा आईबाबांच्या प्रत्येक मुलाला ए, बी, एबी, ओ यापैकी कुठलाही ग्रुप मिळायची शक्यता २५-२५ टक्के. उलट तुम्हा दोघींच्या ग्रुपवरूनच तर कळलं की आईबाबांकडे गप्प बसलेली ओ आहे, आणि काकूंना हे सांगायला हरकत नाही.

आता याच्या पुढची गोष्ट, ती आपल्या मुंबईची आहे आणि शाळेत सहसा कोणी सांगत नाही. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये ए, बी, ओ हे ग्रुप शोधले, त्याला १९३० चं नोबेल मिळालं, हे ठीक. पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असं रक्त नोंदवलं जे टेस्टमध्ये ओ सारखं दिसायचं, पण ओ ग्रुपचं रक्तसुद्धा त्याला चालायचं नाही! म्हणजे ए आणि बी हे दोन्ही ज्या पायावर बांधले जातात तो एच नावाचा पदार्थच त्या लोकांच्या लाल पेशींवर नव्हता. ओ वाल्यांकडे हा पाया असतो, फक्त वर बांधकाम नसतं. यांच्याकडे पायाच नाही, त्यामुळे यांचं शरीर एच ला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि ओ रक्तात तर एच भरपूर. म्हणून या लोकांना फक्त याच ग्रुपचं रक्त चालतं. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात, भारतात साधारण दहा हजारांत एक जण असा सापडतो.

आणि गंमत बघ, अशा माणसाच्या जनुकात ए किंवा बी असू शकतं, नुसतं दिसत नाही. म्हणून ओ दिसणाऱ्या आईबाबांना ए ग्रुपचं मूल झालं असंही क्वचित घडतं आणि तेव्हा खरंच घरात महाभारत होतं, तपासणी नीट केली की मिटतं. एरवी नियम साधा आहे, ओ आणि एबी आईबाबांची मुलं ए किंवा बी होतात. नियमात न बसणारं काही दिसलं की आधी टेस्ट पुन्हा करायची, माणसांवर संशय नंतर.

पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो असा मेसेज सारखा येतो. खरं का? (एक पालक, परभणी)

नाही. ऑक्सिजन निघतो तो प्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू तुटल्यावर, उजेड नाही तर ऑक्सिजन नाही, मग झाड कितीही पवित्र असो. निवडुंग, अननस अशा काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, पाणी वाचवायला, त्याचाच अर्धवट अर्थ काढून कोणीतरी हे पसरवलंय. पण त्यांचाही ऑक्सिजन दिवसाच निघतो. आणि रात्री झाडाखाली झोपलं तर गुदमरतं हेही खोटं, झाड श्वसन करतं पण त्याचा कार्बन डायऑक्साइड उघड्या हवेत किस झाड की पत्ती. पिंपळावरचा मुंजा हा वेगळा विषय, त्यासाठी दुसरं सदर बघा.

कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं. आम्ही लहानपणापासून जपतो, पण कळकतं म्हणजे नक्की काय होतं? आणि कल्हईवाला नवसागर टाकतो तो कशाला? नात विचारते, मला सांगता येत नाही. (एक आजी, सांगली)

आजी, नातीला म्हणावं यात केमिस्ट्रीचे तीन धडे आहेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताकात, चिंचेत, कढीत, टोमॅटोच्या सारात आम्ल असतं, हवेतला ऑक्सिजन मदतीला असतो, आणि दोघं मिळून थोडं थोडं तांबं आणि जस्त पदार्थात उतरवतात. ते क्षार चवीला घाणेरडे, कधी हिरवट निळसर झाक पण येते, जास्त पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या. म्हणजे तुमची जुनी शिस्त अगदी बरोबर आहे. चिंचेने पितळ लखलखतं तेही याच कारणाने, आम्ल वरचा काळा थर खातं. घासताना हवंहवंसं वाटणारं काम पदार्थात झालं की कळकणं.

कल्हई म्हणजे आतून कथिलाचा पातळ थर. कथील ताकाच्या आम्लाला तांब्यासारखं दाद देत नाही. पण कथील तापलेल्या पितळेवर नुसतं चिकटत नाही कारण भांड्यावर ऑक्साइडचा थर असतो, आणि तिथे नवसागर येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, त्यातला दुसरा ऑक्साइड साफ करतो आणि खाली स्वच्छ धातू उघडा पडतो. उरलेले वायू वर जाऊन गार झाले की पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात, तो जो पांढरा धूर आणि नाकात झोंबणारा वास येतो तो हाच. पोरांना संप्लवनाच्या (घन पदार्थाचा थेट वायू होण्याच्या) धड्यात नवसागर भेटतो पण तो कल्हईवाल्याकडे असतो हे कोणी सांगत नाही, कारण कल्हईवालेच आता दिसत नाहीत.

कथील फक्त २३२ अंशाला वितळतं, म्हणून तर कापसाच्या बोळ्याने ते भांडंभर फिरवता येतं. आणि म्हणूनच कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, पाणी आत असेपर्यंत तापमान १०० च्या आसपास राहतं, रिकामं झालं की चढत जातं आणि कल्हई ओघळते. अजून एक, कथिलात स्वस्तातलं शिसं मिसळलेलं नको, ओळखीचा माणूस असला तर बरं.

हरिश्चंद्रगडावर भात शिजता शिजत नव्हता, मित्र म्हणाला मीठ टाक, पाणी जास्त तापेल. (इयत्ता नववी, पुणे)

गडाची उंची १४२४ मीटर. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंश उतरतो, म्हणजे वर पाणी ९५ च्या आसपासच उकळायला लागतं आणि कितीही लाकडं घाला त्याच्या पुढे जात नाही, नुसती वाफ होते. मीठ टाकून उत्कलनबिंदू वाढतो हे बरोबर आहे पण लिटरभर पाण्यात १० ग्रॅम टाकलं तर पाव अंशही वाढत नाही, आणि भात मात्र खारट. झाकण ठेवून वर दगड ठेवा, तांदूळ आधी भिजवा, किंवा छोटा कुकर न्या, त्यात दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत जातं.

प्लगची अर्थिंगची पिन लांब आणि जाड का असते? (इयत्ता दहावी, लातूर)

लांब यासाठी की प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणजे फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला असेल तर तुमच्या आधी त्याला जमिनीचा रस्ता मिळतो. जाड यासाठी की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. जी मंडळी ती पिन कापून प्लग दोन भोकांत बसवतात त्यांना नमस्कार, लांबूनच.

वीज किती लांब पडली हे कसं ओळखायचं? (इयत्ता सातवी, बीड)

चमकल्यावर सेकंद मोजायला लाग, आवाज आला की ३ ने भाग, तेवढे किलोमीटर. प्रकाश लगेच पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरने येतो म्हणून. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या शिवारातही पडू शकते, तेव्हा मोजणी बास, आंब्याखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.