फुलांचे फोटोग्राव्ह्युअर प्रिंट घेताना

फोटोग्राव्ह्युअर, किंवा नुसतं ग्राव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून शाईने कागदावर छापलेला फोटो. पहिल्या खरेदीआधी 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रिंटमधली मधल्या छटेची जागा बघा, पाकळी उजेडातून सावलीत वळते ती. हाताने केलेल्या ग्राव्ह्युअरमध्ये तांब्याच्या प्लेटवर राळेची पूड तापवून बसवतात आणि मग फेरिक क्लोराइडने कोरतात, त्यामुळे शाईचे कण वेडेवाकडे दिसतात. एकसारखी जाळी दिसली तर बहुधा यंत्रावरचं रोटोग्राव्ह्युअर; ओळीत लहानमोठे ठिपके असतील तर साधी हाफटोन छपाई.

कडेला प्लेटच्या दाबाची खूण असते, पण तेवढ्यावर पैसे देऊ नका. ती कोऱ्या प्लेटने नंतरही उठवता येते. उलट, समास कापला असेल तर अस्सल प्रिंटवरही ती नसते. अशा प्रिंटची किंमत मात्र कमीच धरा. जपानी फोटोग्राफर ओगावा काझुमासा यांची 1890च्या दशकातली रंगीत फुलं फार देखणी आहेत, पण ती कोलोटाइप आहेत, म्हणजे जिलेटिन लावलेल्या काचेच्या प्लेटवरून छापलेली; ग्राव्ह्युअर नव्हेत.

मागे चिकटपट्टी असेल तर सोडून द्या. तिचा गोंद कागदात मुरतो आणि तो पिवळा डाग सहसा पूर्ण जात नाही. फ्रेमसाठी कॉटन रॅगचा (सुती लगद्याचा) माउंट, आणि प्रिंट त्याला जोडायला जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. काच प्रिंटला टेकू देऊ नका. दमट हवेत कागद तिला चिकटतो.