आईने न दिलेला अर्धा वाटा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. आईच्या शिक्षणाशी जोडलेल्या जनुकांचा बाळाच्या जन्मवजनाशी संबंध शोधणारा तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. नॉर्वेतल्या ‘मोबा’ या आई, वडील आणि बाळांच्या मोठ्या अभ्यासाचा विदा (जमवलेली माहिती) वापरायला मिळतोय याचा मला मनापासून आनंद आहे. 1999 ते 2008 या काळात नोंदणी झालेल्या गर्भवती, त्यांचे जोडीदार आणि लाखाहून अधिक मुलं. आई-बापाचं रक्त आणि बाळाच्या नाळेतलं रक्त दोन्ही जपलेलं. शिवाय बाळाचं वजन देशाच्या जन्मनोंदणीतून आलेलं.

पण शीर्षकात ‘शिक्षणाची जनुकं’ लिहिलं आहेस, ते आधी खोड. 2022 साली सुमारे तीस लाख लोकांवरून काढलेला स्कोअरसुद्धा (शिक्षणाशी संबंध दिसलेल्या असंख्य बारीक जनुकीय फरकांची एका आकड्यात केलेली बेरीज) शिक्षणाच्या वर्षांतल्या तफावतीचा 12 ते 16 टक्के भागच सांगतो, आणि त्यातही घर, परिस्थिती मिसळलेली असते. हा आकडा कुणाची लायकी नाही. शिकलेल्या आईचं बाळ वजनाने जास्त भरतं हे माहीत आहेच. ते शिक्षणामुळे, पैशामुळे की बाळाच्या स्वतःच्या जनुकांमुळे, एवढं सोडवायला आपल्याला तो स्कोअर हवा आहे.

ते सोडवायची किल्ली आईने बाळाला न दिलेल्या अर्ध्या वाट्यात आहे. तिच्या गुणसूत्रांचा निम्मा भाग बाळाला जातो, निम्मा तिच्याकडेच राहतो, आणि कुठला जाणार हे पत्ते पिसावेत तसं ठरतं. जो राहिला तो बाळाच्या शरीरात नाहीच. तरीही त्याचा वजनाशी संबंध दिसला, तर तो आईच्या वाटेने आलेला असणार. आइसलँडच्या संशोधकांनी 2018 मध्ये मुलांच्या शिक्षणाबाबत हेच करून दाखवलं: न दिलेल्या वाट्याचा परिणाम दिलेल्या वाट्याच्या जवळपास 30 टक्के निघाला.

जन्मवजनात आई आणि गर्भ वेगळे करणं का टाळता येत नाही, यासाठी ग्लुकोकायनेज या साखरेशी संबंधित जनुकाचं 1998 चं उदाहरण मनात पक्कं ठेव. या जनुकातला बिघाड फक्त आईत असेल तर तिची साखर चढलेली राहते आणि बाळ सुमारे 600 ग्रॅमने जास्त भरतं. तोच बिघाड फक्त गर्भात असेल तर बाळ अर्ध्या किलोने कमी भरतं. दोघांत असेल तर वजन जवळजवळ नेहमीसारखं. एकच बिघाड, पण तो कुणात आहे यावर सगळं फिरतं. तुझ्या आराखड्यात मात्र एकट्या आईचाच स्कोअर आहे!

म्हणून आई, वडील, बाळ तिघांचे स्कोअर एकाच समीकरणात घाल. वडिलांचा न दिलेला वाटा गर्भाशयात पोचू शकत नाही, तो घरातून, पगारातून, सिगारेटच्या धुरातूनच येणार. आईचा परिणाम त्याहून मोठा निघाला तर गर्भारपणाकडे बोट दाखवता येईल. तेही जपून, कारण शिकलेली माणसं शिकलेल्यांशीच लग्न करतात. आणि आईच्या वाटेने आलं म्हणजे शिक्षणातूनच आलं असं नाही. उंची, वजन, तंबाखू या वाटाही तिच्याच आहेत. मुंबईतल्या बायकांच्या 2004 च्या अभ्यासात मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी होती. अशी प्रत्येक वाट वेगळी तपास. ‘मोबा’त बोलावलेल्यांपैकी सुमारे 41 टक्केच बायका आल्या आणि त्यात शिकलेल्या जास्त, हेही मोजणीत धर.

आता वजनाविषयी. पूर्वी एका रुग्णालयाच्या नोंदवहीतली वजनं मी हाताने उतरून घेतली होती. 2.5 वर ढीग, 2.4 जवळजवळ नाहीच. मग एक दिवस लेबर रूममध्ये उभी राहिले. सिस्टरने दुपट्यासकट बाळ काट्यावर ठेवलं, काटा अडीचच्या जरा खाली थरथरला, पलीकडच्या खाटेवर दुसरीच्या कळा वाढल्या होत्या. तिने 2.5 लिहिलं आणि ती धावली. तिला दोष कसा देणार? पण अडीच किलोखालचं बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं, आणि कुठली आई कुठल्या रुग्णालयात जाते हे तिच्या शिक्षणावरही ठरतं. म्हणजे ही चूक शिक्षणाशीच बांधलेली. नॉर्वेतले काटे चांगले असतील, तरी वजनांचा आलेख आधी काढून डोळ्यांनी बघ.

शेवटी तू विचारलंस, हाच स्कोअर पुण्याच्या मुलांवर लावू का? नको. तो युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला आहे. इथे लावलास तर जातीजातींतला फरक ‘जनुकांचा’ म्हणून छापून येईल आणि तो खोडायला पिढी जाईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून आसपासच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास, हडकुळी, पण अंगावर चरबी टिकवून असलेली. पालेभाजी, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. तो अभ्यास वाच, मग वडिलांचा रकाना भरून आराखडा परत पाठव. रविवारी सकाळी मी फोनजवळ असते.