नदी की समुद्र? आधी पोटाला विचारा

पहिलीच क्रूझ आणि बोट लागायची धास्ती असेल, तर सरळ नदी निवडा. युरोपातल्या ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवर बोट जवळजवळ हलतच नाही, आणि बरेचदा उतरलं की गावचा चौक पायी दहा मिनिटांवर. समुद्री जहाजाचं तसं नाही. रोम बघायचं तर जहाज लागतं चिविताव्हेक्किया बंदराला, तिथून पुढे ट्रेनने साधारण तासभर.

नदीच्या खोडी वेगळ्या. २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की काही सहलींचा निम्मा प्रवास बसनेच झाला. शिवाय धक्क्यावर जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना चिकटून लावतात. एकदा सकाळी पडदा सरकवला, तर हातभर अंतरावर शेजारच्या बोटीतले आजोबा दात घासत होते! बाल्कनीचे जादा पैसे भरण्याआधी हे आठवा.

मुलं बरोबर असतील तर मात्र समुद्रच. नदीच्या बोटीवर जेमतेम दीडशे-दोनशे माणसं, संध्याकाळची करमणूक म्हणजे एखादा पियानोवाला. कंटाळतील बिचारी. समुद्री जहाजावर केबिन खालच्या मजल्यावरची, मध्यभागातली घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. आणि भाड्याची तुलना करताना बघा: नदीच्या तिकिटात बहुधा किनाऱ्यावरच्या सहली धरलेल्या असतात, समुद्राच्या तिकिटात सहसा नसतात.